वधूपित्याचे दोन शब्द

१० फेब्रुवारी
कीर्तीच्या रिसेप्शनला मी बोलणार. फायनल. मंडप-साउंडच्या धंद्यात बोईसर-पालघरची सगळी भाषणं मिक्सरमागे बसून ऐकली. कोण कुठे घसरतो, पाठ आहे. व्याही टाउनशिपमधले रिटायर्ड साहेब. बोलतात म्हणजे बातम्या देतात. आपण आधी हसवायचं, मग रडवायचं. स्वतः रडायचं नाही.
कीर्तीची एकच अट: "बाबा, दुकानाचं नको. माझ्याबद्दल बोला." एवढंच ना!

१४ फेब्रुवारी
भाषण तयार. सुरुवात माझ्यापासून, पार्श्वभूमी लागतेच. सायकल, तिच्यावर बांधलेला पहिला भोंगा, भोंग्यासकट खाडीत पडलो तो किस्सा. जमनाला ऐकवलं. म्हणाली, छान, पण पोर कुठाय यात? बायकोला घाई फार. पोर शेवटी येते.

१८ फेब्रुवारी
ट्रायल जोरात. जनरेटरवाला झाला, केटरर झाला. दांडी गावाला नलूताईकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे, पत्रिका द्यायला गेलो, तर ओटीवरच्या सगळ्या बायकांना ऐकवलं. खाडीच्या किश्श्याला काय हशा! ताईने परत सांगायला लावलं. मग अजून एकदा. चाहती!

२१ फेब्रुवारी, हळद
घात. ताईने आख्खं भाषण हळदीच्या गाण्यात बसवलं! सायकल आली, भोंगा आला, मी खाडीत पडलो, बायकांनी गाण्यातच मला बाहेर काढलं. शेवटी ताईचा टोला: "सगला सांगून झाला रं भावा, पोरीचा नाव कवा घेशील?" मांडव लोळला. कीर्तीपण हसली, मग मधेच थांबून डोळे पुसायला लागली. हळद गेली असणार डोळ्यात.
नवीन भाषण सकाळी करू. अनुभव आहे.

२२ फेब्रुवारी, रिसेप्शन
साहेब थोडक्यात बोलले. बरं बोलले. मग मी. सुरुवात दणक्यात: "कीर्ती..."
ती बघत होती. घशात काहीतरी अडकलं, बहुतेक बुंदी. परत म्हटलं, "कीर्ती..." मग "जेवल्याशिवाय जाऊ नका" म्हणून खाली उतरलो.
सगळ्यांना सांगितलं, माईक गेला. पटलं लोकांना.

२३ फेब्रुवारी
सकाळीच दोन पार्ट्यांनी बुकिंग कॅन्सल केलं. आपला माईक ऐनवेळी जातो म्हणे! असलं पसरवतं कोण?
दुपारी कीर्तीचा फोन. "बाबा, माईक चालू होता. माझं नाव दोनदा घेतलंत. मग नाक ओढलंत, तेपण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं." तीही नाक ओढत होती. लेकीला सर्दी झालेली दिसते.
पण शेवटच्या रांगेपर्यंत? नुसतं नाक? म्हणजे साउंड एक नंबर. दोन्ही पार्ट्यांना लगेच फोन करून कळवलं.