सगळे मजेत

३ मार्च
परत ती साइट उघडली. सरकारच्या 'लवकरच येणाऱ्या' ग्रँटच्या यादीत आमची आहे तिथेच आहे, फक्त अपेक्षित तारीख पुन्हा पुढे गेलीय. सध्याची ग्रँट जूनमध्ये संपते. नवी नाही मिळाली तर चर्चच्या तळघरातलं आमचं ज्येष्ठांचं केंद्र बंद. मुलांकडे इथे अमेरिकेत, श्रूजबरीत येऊन राहिलेले हे आजी-आजोबा मग दिवसभर त्यांच्या रिकाम्या घरात. नर्स असून स्वतःचं बीपी घ्यायला घाबरते.

११ मार्च
ग्रँटची जाहिरात आली एकदाची. अर्जाची मुदत महिनाअखेर. अर्ज लिहिणारी आमची रिया फोनवर म्हणाली, "मावशी, दे वॉन्ट प्रूफ. लोक लोनली आहेत हे त्यांनी सेल्फ सांगायला पाहिजे." म्हणजे प्रत्येकाला विचारायचं. सोपं आहे, म्हटलं.

१४ मार्च
कसलं सोपं. जेवणानंतर एकेकाला बाजूला घेतलं. देसाईकाका, जे केंद्र उघडायच्या आधीच थंडीत दाराशी येऊन उभे असतात, म्हणे, "एकटं? छे. मुलगा हिरा आहे, सून लक्ष्मी." कुलकर्णीकाकू मजेत. सगळेच मजेत. नाव कुठेही जात नाही म्हणून सांगितलं, तरी सरकारला मुला-सुनेची तक्रार कोण सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.
रिया म्हणाली, "ऑन पेपर दे आर सो हॅपी, व्हाय वुड एनीवन फंड अस?" आधी हसू आलं, मग रडू.

१७ मार्च
मनात आलं, दोन-चार उत्तरं आपणच लिहावीत. खोटं ते बोलतायत, मी तर खरंच लिहिणार. स्वतःचीच वकिली नुसती. रियाला बोलले नाही. नकोच.

२१ मार्च
चहा घेताना आईला सगळं सांगितलं, जरा मोकळं वाटावं म्हणून. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. केंद्रात येत नाही, म्हाताऱ्यांत काय करू म्हणते. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला विचार."
थट्टेतच विचारलं, एकटं कधी वाटतं?
"रोज." मेथी निवडता निवडता. "तू गेलीस की टीव्ही लावते, घरात आवाज असावा म्हणून. इंग्रजीत बोलतात काय ते कळत नाही. लिही."
आई, हे रिया वाचेल.
"वाचू दे. देसायांनाही सांग. तुझीच आई बोलली म्हटल्यावर तेही बोलतील."
नंतर मेथी मीच निवडत बसले. ती झोपली. वाईट वाटलं, आणि रागही आला तिचा. मला का नाही सांगितलं कधी?

२४ मार्च
आज केंद्राचा दिवस. सकाळपासून आई तयार. साडीवर जाकीट, पायात माझे बूट. "मीच सांगते त्यांना, तुला जमायचं नाही." सगळ्यांसमोर सांगणार. की दुसऱ्यांच्या आईबापांना सांभाळणारी ही बाई घरी स्वतःच्या आईला...
नको म्हणावं तर अर्ज कोरा. आणि नको कुठल्या तोंडाने म्हणू?
ती गाडीत जाऊन बसलीसुद्धा. दोनदा हॉर्न वाजवला. मी अजून आतच, हे लिहितेय. किल्ली सापडत नाही असं तिला सांगितलंय.