एकाहत्तर पत्रे, एक जागा आणि माझे बूट

मी, पवित्रा त्यागराज राव, वय सत्तावीस, धंदा ऑस्ट्रेलियात खाणकाम, राहणार कुंभकोणम्, सध्या रजेवर घरी, आज सोमवार दिनांक १४ जुलै २०२५ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. "बुद्धी ठिकाणावर असलेला माणूस या वयात मृत्युपत्र करतो का?" असे डॉक्टरांनी विचारले, पण शिक्का मारून दिला. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. कंपनीने एका ओळीचा फॉर्म दिला होता, त्यात वारसाचे नाव लिहिले असते तरी भागले असते. तेवढ्याने माझे समाधान झाले नाही. ही चौथी प्रत आहे.

भाषेविषयी: आम्ही पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहणारे मराठी. मी सात वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, घरीच पाटीवर शिकवले. आधी मराठी, मग गणित, मग बाहेर खेळायला परवानगी, आणि बाहेर तमिळ आपोआप. सबब हा कागद मराठीत आहे. नोंदणी कचेरीला तमिळ भाषांतर लागल्यास ते माझा आतेभाऊ हेमंत याच्याकडून करून घेऊ नये.

कलम १. याआधीची मृत्युपत्रे. नऊ वर्षांची असताना, टॉन्सिलच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, मी गणिताच्या वहीत एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझी कंपासपेटी याच हेमंतला दिली होती. मी ऑपरेशनमधून जिवंत परत आले तरी त्याने ती परत केली नाही. ते मृत्युपत्र रद्द समजावे. कंपासपेटीची बाब मिटलेली नाही.

कलम २. व्यवस्था पाहणारे. आमचे शेजारी श्री. हरिकृष्ण यांना मी नेमते. त्यांनी तीस वर्षे दस्त लिहिण्यात घालवली आणि इतरांची मृत्युपत्रे ते बायका मालिका पाहतात तशी आवडीने वाचतात. या कामाबद्दल त्यांना नाचियार्कोविलहून आणलेली माझी पितळी समई द्यावी. तिची एक वात तिरकी जळते. ते त्यांना आधीच सांगावे.

कलम ३. (खोडले. कारण शेवटच्या नोंदीत. प. रा.) साक्कोट्टैच्या रस्त्याला माझ्या नावे असलेली रिकामी जागा माझे वडील श्री. त्यागराज राव यांना मिळावी. तिथे घर बांधावे किंवा न बांधावे. शेजारच्याने कुंपण वीतभर आत सरकवले आहे. त्याला मी दोनदा नम्रपणे सांगितले. अप्पांनी नम्रपणा सोडून सांगावे.

कलम ४. (खोडले. प. रा.) बँकेतील शिल्लक आणि कंपनीकडून माझ्या मृत्यूबद्दल जे येईल ते, सर्व अप्पांना.

कलम ५. हत्यारे व कपडे. शिरस्त्राण, त्यावरचा दिवा व पट्टा कंपनीचे आहेत, परत करावेत. बूट माझे आहेत. पोलादी टोकाचे, मोठे, आणि लाल धुळीमुळे त्यांचा मूळ रंग मलाही आठवत नाही. ते गोमती आत्याला द्यावेत. ती गेली चार वर्षे मागच्या अंगणात घसरेन म्हणून ओरडते आणि तरीही रबरी चपलाच घालते. खडक ठोकायची लांब पहार मात्र खाणीवरच राहू द्यावी, कारण विमानात नेऊ देत नाहीत. छताला पहारेने टोले मारायचे, आवाज खणखणीत आला तर खडक घट्ट, बद्द आला तर सैल. हे मला कोणी शिकवावे लागले नाही. आत्या भांड्यांच्या दुकानात प्रत्येक तपेले बोटाने वाजवून घ्यायची आणि दुकानदार हात जोडायचा. पहिल्याच आठवड्यात मी सैल छत ओळखले तेव्हा मुकादमाने विचारले, "हे कुठल्या कॉलेजात शिकलीस?" मी म्हटले, "आत्या." त्याला ते कॉलेजाचे नाव वाटले.

कलम ६. पत्रे. हे कलम सर्वांत अवघड आहे, म्हणून नीट लिहिते.

आमच्या घरचा नियम असा की गाव सोडून गेलेल्याने दर पंधरा दिवसांनी मराठीत पत्र पाठवायचे. फोनवर आम्ही दुसऱ्या वाक्याला तमिळमध्ये घसरतो, म्हणून मराठी कागदावर ठेवायची. मी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात कामाला आहे, जवळचे गाव अडीचशे किलोमीटर. तिथून मी आजवर एकाहत्तर पत्रे पाठवली. अप्पा ती शुक्रवारी मोठ्याने वाचतात, मग चुकांची यादी जोडून उत्तर पाठवतात.

निघताना अप्पांनी एकच प्रश्न विचारला होता. "काम वरचे की खालचे?" मी "वरचे" म्हणाले. तेव्हा ते खरे होते. पहिली तेरा पत्रे संपूर्ण खरी आहेत. मी ऑफिसात बसून खाणीचे नकाशे काढत होते आणि कंटाळून मरत होते. मग मी स्वतः अर्ज करून खाली खाणीत गेले. चौदाव्या पत्रापासून पुढची सर्व खोटी आहेत. खोटे एकमेकांशी जुळावे म्हणून मी एक वही ठेवली होती. ऑफिसच्या खिडकीबाहेर निलगिरीचे एक झाड मीच लावले. अप्पांना ते फार आवडले. प्रत्येक उत्तरात ते झाडाची चौकशी करत, त्यामुळे मला निलगिरी कोणत्या महिन्यात फुलते ते शोधून काढावे लागले. महिना तरी खरा आहे.

खरे असे आहे. पहाटे साडेचारला उठायचे. एका नळीत फुंकून आपण प्यालेलो नाही हे सिद्ध करायचे. आमच्या घराण्यात ही परीक्षा देणारी मी पहिली. आपल्या नावाचा पितळी बिल्ला फळ्यावर अडकवायचा, म्हणजे कोण खाली आहे ते वर कळते. मग गाडीने गोल गोल उतरत पाऊण तास खाली. तिथे उकाडा ऐन मे महिन्यातला, फक्त ऊन नाही. खडकात पाडलेल्या भोकांत मी सुरुंगाची दारू भरते. पन्नास-साठ भोके, प्रत्येकाची तार तपासायची. मी प्रत्येक तार तीनदा तपासते. त्यावरून सगळे मला हसतात, आणि भरायची पाळी आली की मलाच बोलावतात. बारा तासांनी वर येऊन बिल्ला काढायचा, पत्र्याच्या खोलीत दहीभात खायचा, झोपायचे. आत्याने पाठवलेले मेतकूट मुकादमाने पिवळी पूड म्हणून प्रयोगशाळेत दिले होते. सोने शून्य, असा अहवाल आला. तरी डबा अर्धा होऊनच परतला.

मार्चमध्ये खाली एका ट्रकने पेट घेतला. धूर झाला की पळायचे नसते, जवळच्या खोलीएवढ्या लोखंडी पेटीत शिरून दार लावायचे असते. आत हवा, पाणी, बिस्किटे आणि पडद्यामागे एक बादली असते. आम्ही सहा जण सात तास बसलो. पाच दांडगे पुरुष त्या बादलीपायी इतके लाजले की पहिले तीन तास कोणी पाणी प्याले नाही. शेवटी मीच उठले. परत आले तेव्हा टाळ्या वाजल्या. चौसष्टावे पत्र मी त्या पेटीत लिहिले. झाडाला फुले आली आहेत, असे त्यात आहे. अक्षर जरा हलले होते. अप्पांनी उत्तरात दोन वेलांट्या सुधारल्या आणि लिहिले, "लिहिताना पाठ ताठ ठेवावी."

सबब, माझ्या मृत्यूनंतर गोमती आत्याने अप्पांना वरील सर्व समजावून सांगावे, खोट्याची वही त्यांच्या हवाली करावी, आणि मी क्षमा मागितली आहे असे सांगावे. (हे शेवटचे वाक्यही खोडले. प. रा.)

कलम ७. देह. मी खालीच अडकून गेले असेन तर मला वर काढण्यासाठी दुसऱ्या कोणाचा जीव घालवू नये. मिळाले तर राख कावेरीत सोडावी. नदीत पाणी नसल्यास पाणी येईपर्यंत थांबावे, टँकर मागवू नये. तेराव्याला वांगी करू नयेत. मी जेवायला नसले तरी करू नयेत.

कलम ८. राग. हेमंतने एका स्थळाला माझ्याविषयी सांगितले, "मुलगी चांगली आहे, परदेशात खड्डे खणते." त्याला खरे ठाऊक नव्हते, तो चेष्टा करत होता, आणि नेमके तेच खरे निघाले याचा मला जास्त राग आहे. तरी मी त्याला माफ करते. कंपासपेटी वगळून.

शेवटची नोंद, गुरुवार, १७ जुलै २०२५.

इथपर्यंत लिहून मी कागद गोमती आत्याकडे साक्षीदाराच्या सहीसाठी नेला. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, हे हरिकृष्ण मामांनी तिला समजावले. ती म्हणाली, "तुझं तू बघ रे. मी दुधाच्या पिशवीवरची तारीखही वाचत्यें." तिने सर्व वाचले. बुटांपाशी हसली. सहाव्या कलमानंतर चष्मा काढला.

"काय गे, तू मरून मोकळी, आणि सांगायचं मी?"

"तुझं ते ऐकतात म्हणून..."

"ऐकतात! मी सांगितल्यावर त्याचं तोंड बघायला तू असणार आहेस का? बरी शहाणी! मी सही करीत नाही, जा. खाणीत उतरताना भीती वाटत नाही ना तुला? मग ओटीवर जा. तो तिथेच बसलाय."

मी ओटीवर गेले. अप्पा पेपर वाचत होते. मी उभ्याने सर्व सांगितले, चौदाव्या पत्रापासून, क्रमाने. मधे एकदा त्यांनी पेपराची घडी केली. मी थांबले तेव्हा म्हणाले,

"मग ते झाड?"

"नाही, अप्पा."

"तेही नाही?"

"नाही."

त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आत्याशी बोलत होते, दूधवाल्याशी बोलत होते, हेमंतशीसुद्धा बोलले. आज सकाळी त्यांनी हा कागद मागून घेतला आणि दोनदा वाचला. मी समोर उभी होते. शुद्धलेखनाला हात लावला नाही.

"हे चुकलंय," ते म्हणाले. "तिसरं आणि चौथं."

"काय चुकलं?"

"ह्यात तू आधी जात्येस आणि मी मागे राहून घेतोय. असलं गणित मी शिकवलं नाही. माझं नाव काढ."

"अप्पा, कायद्याने वारस तुम्हीच..."

"घेणारा देणाऱ्याहून लहान असावा. काढ म्हटलं ना."

"मग द्यायचं कोणाला?"

आतून आत्या ओरडली, "हेमंतला नको! तो तिथं व्यायामशाळा काढील!" हेमंत तिचा एकुलता मुलगा आहे.

तेव्हा असे ठरले की कलम ३ व ४ मधील सर्व काही हेमंतची मुलगी गायत्री, वय चार, हिला मिळावे, आणि ती सज्ञान होईपर्यंत हरिकृष्ण मामांनी सांभाळावे. कुंपणाच्या वितीबद्दल अप्पा आजच जाऊन बोलून येणार आहेत. सहाव्या कलमाचे शेवटचे वाक्य मी खोडले, कारण त्याची गरज राहिली नाही. मामा म्हणाले, स्वच्छ प्रत काढू. अप्पा म्हणाले, खोडलेले दिसू दे. प्रत्येक खोडीपुढे मी आद्याक्षरे घातली आहेत आणि ती तीनदा तपासली आहेत.

वीस तारखेचे माझे विमान आहे. अप्पांनी मला जा म्हटलेले नाही, जाऊ नको असेही म्हटलेले नाही. त्यांनी हरिकृष्ण मामांना एवढेच विचारले, "आता मला ह्यातून काही मिळत नाही. म्हणजे मी साक्षीदार होऊ शकतो?"

मामा म्हणाले, "होऊ शकता."

"मग पेन दे गे."

येथे मी माझी सही करते. यापुढे काही लिहायचे राहिले असल्यास ते पत्रातून कळवीन, खरे.

सही: पवित्रा त्यागराज राव

साक्षीदार १: गोमती. मी सर्व वाचले. बूट मला नकोत, तिनेच घालून झिजवावेत.

साक्षीदार २: त्यागराज राव, सेवानिवृत्त शिक्षक. लिहून देणारी माझी मुलगी आहे. तिने माझ्या डोळ्यांसमोर सही केली. सही करताना ती जिवंत होती, शुद्धीत होती आणि पाठ ताठ नव्हती, हे मी स्वतः पाहिले.

ठिकाण: कुंभकोणम्
दिनांक: १७ जुलै २०२५