हिंडायची नोकरी

चि. हिलाल, तीन कार्डं टाकली, एकाचंही उत्तर नाही. हात मोडला का तुझा? अक्काचा आशीर्वाद घे आणि नीट वाच.

ज्या जिनिंगमध्ये तू कापसाच्या गठाणी बांधायचा, ती पाडून तिथं झाडं लावलीत. मधून पायवाट काढलीय. सकाळी शहरातली माणसं पांढरे बूट घालून येतात. जायचं कुठंच नसतं, तरी चालतात आणि फिरून गेटाशीच येतात. तुझे दाजी म्हणतात, याला फिरणं म्हणतात. मी म्हटलं, आपल्याकडं हिंडणं म्हणतात.

तिथं राखणदार पाहिजे. दिवसभर वाटेनं फिरायचं, शेळ्या हाकलायच्या. दाजी तिथल्या साहेबाशी बोलून आलेत.

तुझ्या बायकोनं, कमलनं निरोप धाडला, "बठ्ठा दिन नदीकाठे हिंडस, जेवाले बी येत नही." मग दिवसभर तिथं फुकट का हिंडतो? इथं त्याचा पगार मिळेल. जिनिंगचं तोंड पाहणार नाही म्हणालास, पण आता तिला तोंडच राहिलं नाही.

मायचे गुडघे कसे आहेत? कमल तरी वेळेवर जेवते का?

सोमवारी साहेबाला नाव द्यायचंय. नाही म्हणायचं असेल तर आखाजीच्या सणाला मी माहेरी येतेच आहे, माझ्या तोंडावर म्हण. हो म्हणायचं असेल तर सोमवारच्या आत कार्ड पोचलं पाहिजे.

अक्का, जळगाव