साक्षीत मेलेला ड्वेन

रविवार, ९ फेब्रुवारी

आज ड्वेनला मी मारलं. भरल्या चर्चमध्ये, माईकवर.

ठरवून नाही! देवाशपथ– नको, देवाला यात ओढायला नको.

पास्टर एल्डननी साक्ष द्यायला उभं केलं होतं. एप्रिलमध्ये चर्चची वडीलमंडळी माझ्या डोक्यावर हात ठेवणार, मला पाळक म्हणून नेमणार. त्याआधी लोकांना माझी कहाणी कळायला हवी म्हणे. ‘बंधू ग्लेन, आधी अंधार किती होता ते सांगा. मग उजेड.’

आता माझा अंधार तो काय! आमच्या बँडच्या, ब्लू सायलोच्या, रेकॉर्डी खपेनाशा झाल्या आणि बँड मोडला. ड्रम वाजवणारा ड्वेन डाकोटात परतला, बापाच्या ट्रॅक्टरच्या दुकानात बसला. मी कसिनोंमधून म्हाताऱ्यांपुढे तीच तीच गाणी म्हणत राहिलो. मग बायकोनं, नोरीननं, मला एकदा ओढत चर्चच्या चिलीच्या, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याच्या, जेवणाला नेलं. जेवून झाल्यावर तळघरात पातेली घासत होतो. वर बायका भजनाची तालीम करत होत्या. एकदम रडू आलं, साबणाच्या पाण्यात हात तसेच ठेवून रडलो. बस्स. एवढंच झालं. तेव्हापासून मी प्रभूचा.

हेच सांगत होतो. पहिल्या रांगेतल्या माणसानं तोंड न झाकता जांभई दिली. एके काळी मैदानंच्या मैदानं माझ्या नावानं ओरडायची! जांभई मला सोसत नाही. आणि जिभेला हाड नाही. मी म्हणालो– ‘आणि मग ड्वेन गेला. ओमाहाच्या एका मोटेलात, सुई दंडात तशीच. माझ्या मांडीवर.’

जांभई देणारा सरसावून बसला.

मग थांबवेना. त्याचे शेवटचे शब्दसुद्धा सांगितले. ‘ग्लेन, तू तरी परत फिर.’ सांगता सांगता मलाच हुंदका आला. खरा हुंदका! मग हात पसरून म्हणालो, ज्याला प्रभू बोलावतोय त्यानं पुढं यावं. ऑर्गन वाजत राहिला. कुणी उठेना. मी तसाच उभा, डोळ्यांतून धारा.

शेवटी मागून मार्लिस आली. केस कापायचं दुकान आहे तिचं, आणि सकाळपासून पिते हे गावाला ठाऊक. येऊन माझ्या शेजारी गुडघे टेकले. तिच्यामागून मग रांगच लागली.

घरी येताना नोरीननं गाडीत रेडिओ लावला, मोठ्यानं.

सोमवार, १० फेब्रुवारी

नोरीन बोलली. अंडी तळता तळता, पाठ माझ्याकडे करून.

‘ड्वेनचं नाताळचं कार्ड फ्रिजवर लावलंय. काढू का? मेलेल्या माणसाचं.’

‘अगं, बोलण्याच्या भरात गेलं.’

‘भरात माणूस मीठ जास्त टाकतो, ग्लेन. माणूस मारत नाही.’

पुढच्या रविवारी दुरुस्त करीन म्हणालो. अंडी करपली होती. गुपचूप खाल्ली.

रविवार, १६ फेब्रुवारी

दुरुस्त केलं नाही. दारातच मार्लिसनं हात धरला. ‘त्या दिवसापासून थेंब घेतला नाही हो.’ हात थरथरत होते तिचे. वस्तरा धरणारे हात.

आता कसं सांगू? ही ज्या फांदीला लोंबकळतेय तीच कापू?

हे अगदी सोयीचं कारण आहे हे मला कळतं. लाज वाटते म्हणून इथे लिहून ठेवतो.

रविवार, २ मार्च

रविवारच्या शाळेत पोरांना दहा आज्ञा शिकवल्या. ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही नववी गाळून आठवीवरून थेट दहावीवर आलो. एक चिमुरडी बोटं मोजून म्हणते, ‘नववी कुठंय?’ मी म्हणालो, पुढच्या वेळी. तिनं बोट तसंच दुमडून ठेवलं, तास संपेपर्यंत.

गुरुवार, ६ मार्च

आणखी दोन चर्चमध्ये बोलावणं. ‘ती मोटेलची साक्ष’ हवीय. पातेल्यांची कुणालाच नको.

गेलो. सांगितली. या वेळी मोटेलबाहेर बर्फ पडत होतं! बर्फ कुठून आलं मलाच ठाऊक नाही. स्टेजवर टाळ्या कशाला पडतात ते या हाडांना माहीत आहे, डोक्याला विचारावं लागत नाही. तेव्हा दारू प्यायचो, पण निदान गाणं तरी खोटं म्हणत नव्हतो. आता शुद्धीत आहे आणि हे चाललंय. आरशात दाढी करताना मान खाली घालतो. दोनदा कापलं.

मंगळवार, १८ मार्च

पास्टर एल्डन खुशीत. एप्रिलच्या सभेची पत्रकं छापून आलीत. वर माझा फोटो, खाली ड्वेनचा. जुन्या रेकॉर्डच्या पाकिटावरचा, लांब केसांचा, हसणारा. खाली अक्षरं– ‘ड्वेन क्राफ्काच्या स्मरणार्थ.’

‘कसं वाटतंय, बंधू?’

तोंडानं म्हणालो– ‘छान.’

‘तुमच्या डोळ्यांत पाणी आलं,’ पास्टर म्हणाले आणि पाठीवर थोपटलं. भला माणूस आहे. त्याचा यात काही दोष नाही. कुणीतरी मला एक थोबाडीत मारावी!

नोरीननं पत्रक पाहिलं. वाचून पालथं ठेवलं. ‘तू सांगतोस की मी?’ सांगतो म्हणालो. ‘कधी?’ मी ते पत्रक खिशात घातलं. ती मुलीकडे लिंकनला गेली आहे. रविवारपर्यंत येते म्हणाली. कुठल्या रविवारपर्यंत ते नाही म्हणाली.

गुरुवार, २७ मार्च

फोन आला. इतक्या वर्षांनी, आणि पहिल्या श्वासातच ओळखला.

‘कोण, ग्लेन? मी मेलेला बोलतोय.’

माझी पाचावर धारण बसली. ते पत्रक कुणीतरी फोनवरून फिरवत फिरवत डाकोटापर्यंत नेलं होतं.

ड्वेन हसत होता. ‘मेलो तर मेलो लेका, पण मोटेलात? जरा बऱ्या हॉटेलात मारायचंस! आणि सुई? रक्त तपासायला गेलो तरी मला भोवळ येते, विसरलास? टूरवर तुझी उलटी कोण पुसायचं?’

मीही हसलो. वाटलं, सुटलो! म्हणालो, ‘ड्वेन, अरे ऐक, काय झालं–’

‘थांब,’ तो म्हणाला. हसणं गेलं होतं. ‘आईकडे हॉटडिश आली.’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि खुर्ची ओढून बसलो. आमच्याकडे कुणी गेलं की शेजारणी न विचारता भांडं घेऊन दारात उभ्या राहतात. बटाट्याच्या गोळ्यांची हॉटडिश, वर फॉइल, भांड्याखाली नावाची चिकटपट्टी. तोंडानं काही बोलायचं नाही. भांडं हातात दिलं की समोरच्यानं काय ते समजायचं.

म्हातारी घरात एकटी. ड्वेन लांबच्या शेतावर कुणाचं तरी यंत्र दुरुस्त करत होता, तिथे फोन लागत नाही. दारात एका शेजारणीनं भांडं दिलं, रडली, निघून गेली. मग दुसरी आली. मग तिसरी.

‘मी घरी पोचलो तर ओटा भरलेला,’ ड्वेन म्हणाला. ‘आणि आई माझा शर्ट घेऊन बसलेली. शवपेटीत कुठला घालायचा ते ठरवत होती. मला बघून किंचाळली, ग्लेन. नव्वदीला आलीय ती.’

‘मी येतो. आत्ता निघतो. तिच्या पाया पडतो.’

‘इकडे येऊ नकोस. तिला तुझं तोंड बघायचं नाही. जिथं उभं राहून मला मारलंस ना, तिथंच उभा राहून जिवंत कर.’

ठेवला.

शुक्रवार, २८ मार्च

दिवसभर काही खाल्लं नाही. त्या बाई, ड्वेनची आई, आम्हाला व्हॅनमध्ये सँडविचं बांधून द्यायच्या. माझ्यातला कांदा आठवणीनं काढायच्या.

शनिवार, ५ एप्रिल

उद्या हात ठेवायचे आहेत. आठवडाभर शब्द जुळवले, आज पास्टरांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांच्या बायकोनं चिली आणि दालचिनीचे गोड सिनॅमन रोल पुढं ठेवले होते. मी रोलचा घास चिलीत बुडवला आणि तसाच हातात धरून बसलो.

पास्टरांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, ‘उद्या नको.’

‘पण पास्टर–’

‘सत्य म्हणजे काही रोल नव्हेत, बंधू, की भट्टीतून काढल्या काढल्या वाढायलाच हवेत. आधी नेमणूक होऊ दे. मग उन्हाळ्यात, हळूच, वडीलमंडळींच्या कानावर घालू. मार्लिसचा विचार करा. दारू सोडून दोन महिने झाले तिला. तिचं काय होईल?’

मी होय म्हणालो!! ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणालो. रोल खाल्ला. दुसरा घेतला. मी असा माणूस आहे.

नोरीन आली आहे. अंगणात गाडीचा दरवाजा वाजला आणि मी पळत गेलो. पास्टर काय म्हणाले ते सांगितलं. ती बॅग हातात घेऊन ऐकत राहिली. ‘आणि ड्वेनची आई?’ एवढंच म्हणाली.

रविवार, ६ एप्रिल

सांगितलं.

वडीलमंडळी मागे उभी होती. मी गुडघे टेकले. पास्टरांचा हात डोक्यावर आला, ऊबदार, जड. आणि वाटलं की आता हा हात तसाच राहू दिला तर पुढं कधीच सांगणं होणार नाही. उठलो. माईक घेतला.

‘ड्वेन क्राफ्का जिवंत आहे. ट्रॅक्टर विकतो. त्यानं कधी सुईला हात लावला नाही, मोटेलात कुणी मेलं नाही, बर्फ पडलं नाही. माझी साक्ष पातेली घासण्याची आहे. तुम्ही जांभई दिलीत आणि मला राहवलं नाही. त्याच्या आईला दुपारभर मी तिच्या पोराचं सुतक घडवलं.’

मग मागून कुणीतरी– ‘शरम नाही वाटत?’ वाटते, मी म्हणालो. पास्टर ओंजळीत तोंड धरून बसले होते. हात ठेवणं झालं नाही, होणारही नाही. पत्रकं खोक्यात भरून गेली.

लोक मार्लिसकडे वळून वळून बघत होते. ती सरळ समोर बघत बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. प्रार्थना संपल्यावर कॉफीला न थांबता निघून गेली. कुठं गेली असेल ते सगळ्यांच्या मनात आलं. माझ्या तर आधी.

नोरीन तळघरात थांबली, पातेली होती म्हणून. मीही गेलो. ती घासत होती, मी पुसत होतो.

सोमवार, ७ एप्रिल

मार्लिसचं दुकान बंद. दोनदा जाऊन आलो. सोमवारी बंदच असतं, नोरीन म्हणाली. तरी तिसऱ्यांदा गेलो.

मंगळवार, ८ एप्रिल

मार्लिस आली होती. शुद्धीत. दारातच म्हणाली, ‘काल सुट्टी होती, झोपले होते. आणि परवा कॉफीला थांबले नाही, कारण त्या सगळ्या बाया मला बघून चुकचुकत होत्या– बिचारीला फसवलं म्हणून. त्यांना काय सांगणार! ड्वेन जिवंत आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं. माझ्या भावानं मागच्या उन्हाळ्यात त्याच्याचकडून ट्रॅक्टर घेतलाय.’

‘मग तेव्हा पुढं का आलात?’

‘इतकी वर्षं पिऊन खोटं बोललेय, मला चेहरा ओळखू येतो. तुम्ही हात पसरून रडत होता आणि कुणी उठत नव्हतं. म्हटलं, याचं माझ्याहून वाईट चाललंय. याला एकट्याला तिथं कसं ठेवायचं?’