सुरेखाची दाढ आणि टेलचं पाणी

४ डिसेंबर
सुरेखा रुसली आहे. कारण अजून कळलेलं नाही. पण लग्नाला एकतीस वर्षं झाली, बायकोचा चेहरा मला वाचता येतो. तीन दिवस झाले, भाकरी दुधात कुस्करून खाते. कालवणाला हात लावत नाही. कालवण माझ्या आवडीचं, झणझणीत. म्हणजे राग माझ्यावर आहे हे उघड आहे.
ठराव: दोन दिवसांत रुसवा काढणे. सूचक मी, अनुमोदक मी, सर्वानुमते मंजूर. पाणीवापर संस्थेचा चेअरमन झाल्यापासून मला सगळं ठरावातच सुचतं. डोकं स्वच्छ राहतं.

६ डिसेंबर
फाट्यावरून भेळ आणली. जादा तिखट टाकायला सांगितलं. लग्नानंतर तिला तशीच लागायची. एक घास खाल्ला आणि डोळ्यांत पाणी. जुने दिवस आठवले असणार. मग चूळ भरायला मोरीत गेली ती बराच वेळ आलीच नाही. भेळ मी संपवली. वाया कशाला घालवायची?
रुसवा निम्मा गेला असं धरायला हरकत नाही.

८ डिसेंबर
डिसेंबरात पंखा पाचवर. मी कानटोपी घालून, दोन गोधड्या घेऊन झोपलो. तिला विचारलं तर म्हणाली, अंगातनं वाफा निघत्यात. रागाने माणूस असा तापतो. निम्मा गेलेला रुसवा परत आला.

११ डिसेंबर
आज तिने आपणहून सांगितलं. तोंडात मिरची चोळल्यागत हुतंय, दिवसभर नुसती आग. घास फिरवायला तोंडात थुंकी ऱ्हात न्हाई. म्हणजे रुसवा नव्हताच. मला तसा संशय होताच.
कारण मी जागच्या जागी ओळखलं. टूथपेस्ट. सगळं केमिकल. ती पुढे आणखी काही सांगत होती, पण कारण सापडल्यावर जास्त ऐकण्यात अर्थ नव्हता. उठून दुकानात गेलो.

१२ डिसेंबर
लाल दंतमंजन आणलं. लवंगेचं, एकदम कडक. माझ्यासमोरच लावायला लावलं. लावलं आणि गार दूध तोंडात धरून ओट्यावर बसून राहिली. मंजन काम करतंय.

१९ डिसेंबर
उशाशी तांब्या लागतो. झोपेतून उठून घोट घोट पाणी पिते. तोंड सुकतं म्हणे. तहान म्हणजे शुगर, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. ग्रामपंचायतीत मोफत कॅम्प होता, तिला घेऊन गेलो. तिची शुगर नॉर्मल. सोबतीला म्हणून माझीही बघितली. दोनशे चाळीस.
असल्या कॅम्पात मशीन जुनी असतात.

२६ डिसेंबर
शेजारच्या झुंबरबाई आल्या होत्या. चुलतभावाची बायको, म्हणजे माझी वहिनी, पण बोलणं तहसीलदाराचं. मला म्हणाल्या, भावजी, हिच्या हिरड्यांतनं रगात येतंय, डावीकडची दाढ हलती, तुमी बघताय का न्हाई? हिला नगरला न्या, दातांच्या डॉक्टरणीकडं.
मी शांतपणे सांगितलं की परिस्थितीवर माझं लक्ष आहे. कालव्याचं आवर्तन सुटायचंय, ते झालं की बघू. सुरेखा म्हणाली, आवर्तन सरेपत्तूर दाढ ऱ्हाती का बघा. मी हसलो. तिला विनोदबुद्धी आहे. ती हसली नाही.

५ जानेवारी
आवर्तन लांबलं, म्हणून नगरला जाऊन आलो. जे घडलं ते सविस्तर लिहून ठेवतो, कारण यात माझी चूक नाही.
डॉक्टर बाई तरुण. सुरेखाचं तोंड तपासलं, आरसा ठेवला आणि विचारलं, पाळी गेली का? आता असा प्रश्न आला की संस्थेच्या चेअरमनने उत्तर द्यायचं असतं. सुरेखाच्या आधी मी बोललो. म्हटलं, नाही, शुक्रवारी आहे, रात्रीची.
डॉक्टरांनी विचारलं, नियमित असते का? म्हटलं, पूर्वी होती, धरण भरत होतं तोवर. आता भरवसा नाही. आम्ही चारीच्या शेवटी, टेलला. येते तर येते, नाहीतर पाटकऱ्याला फोन करावा लागतो.
त्यांनी पेन खाली ठेवलं. अगदी हळू विचारलं, किती वेळ चालते? म्हटलं, वरच्यांनी रात्रीतून दारं फोडली नाहीत तर बारा तास. कांदा भिजतो.
डॉक्टरांनी सुरेखाकडे बघितलं. सुरेखा भिंतीवरच्या दाताच्या चित्राकडे बघत होती. म्हणाली, अडीच वर्सं झाली, बंद झाली माजी.
मग मला कळलं. शाळेत नाव पुकारल्यावर उठायचो, तसा उठून उभा राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं उठायला. परत बसलो.
डॉक्टरांनी समजावलं. पाळी गेली की शरीरातलं एक हार्मोन कमी होतं. काही बायकांचं तोंड कोरडं पडतं, आग होते, चव बिघडते, हिरड्या नाजूक होतात, जबड्याचं हाडही झिजू शकतं. मऊ ब्रश वापरायचा, साधी फ्लोराइडची पेस्ट, घोट घोट पाणी, तिखट बंद. आणि ते लाल मंजन आजच्या आज फेकायचं. मंजन कुणी आणलं ते विचारलं नाही. चांगल्या डॉक्टर आहेत. हिरड्यांची ट्रीटमेंट सुरू करायची, आठ दिवसांनी या, उशीर केलात तर दाढ वाचणार नाही.

६ जानेवारी
वाईट वाटलं. अडीच वर्षं. पण मला अधिकृतपणे कळवण्यात आलं नव्हतं, हेही खरं. सुरेखा म्हणते, सांगितलं हुतं. औंदा बंद झालं बरं का, असं म्हनले हुते. मला आठवलं. मी विहिरीवर जाऊन स्टार्टर बघून आलो होतो. मोटार चालू होती, म्हणून विषय संपला.
ठराव: दाढ वाचवणे. दुसरा ठराव: ती खाईल तेच मी खाणार. दोन्ही सर्वानुमते.

८ जानेवारी
नवीन माहिती झुंबरबाईंच्याही कानावर घालावी म्हणून गेलो. हार्मोनपर्यंत पोचलो तेवढ्यात म्हणाल्या, भावजी, माजी सात वर्सांमागं गेली. चार दात बी गेले. गल्लीतल्या समद्या बायांना ठावं हाय. तुमालाच न्हवतं.
चहा न घेता परतलो. साखरेचा होता.

१० जानेवारी
काल पाळी होती. (पाण्याची.) पाणी टेलला पोचलंच नाही. आता कधीही येईल.
दुधी भोपळा, फिका. दुपारी संस्थेच्या कामाने फाट्यावर जावं लागलं. कामात एक मिसळ झाली.

१३ जानेवारी
आज दवाखान्याची तारीख. पाणी सोडणारा पाटकरी म्हणतो, आज नाहीतर उद्या. अशा वेळी चेअरमनने गाव सोडला तर लोक काय म्हणतील? फोन करून तारीख पुढे ढकलली. सुरेखाला सांगितलं, दाढ काही पळून जात नाही. तिने नुसती मान हलवली. समजूतदार आहे.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ दिला. तिला चावता येईना, तोंडात धरून बसली. गोड बोल म्हटलं, तर बोलताही येईना.

१७ जानेवारी
पाणी आलं! कांदा भिजला. सकाळीच मोकळा झालो, लगेच तिला गाडीत घातलं आणि निघालो. शनिवार आहे हे लक्षात नव्हतं. घोडेगावला शिंगणापूरच्या गर्दीत दोन तास अडकलो. शनिवारचा अर्धाच दिवस, दवाखाना बंद व्हायची वेळ झाली, परत फिरलो. ती गालाला पदर लावून बसली होती. मी तिला वाटभर आवर्तनाची आकडेवारी सांगितली, तेवढंच लक्ष दुसरीकडे.

२२ जानेवारी
दाढ काढली. डॉक्टर म्हणाल्या, त्या तारखेला आला असता तर प्रयत्न करता आला असता. मी पाटाच्या पाण्याबद्दल सांगणार होतो. सुरेखा तोंड उघडून खुर्चीत पडली होती, तिच्याकडे बघितलं आणि सांगितलं नाही.
तिचा हात धरून बसायचं ठरवलं होतं. सुई बघितल्यावर मला बाहेर नेऊन बाकावर आडवं केलं. सुरेखा बाहेर आली तेव्हा काउंटरवरच्या पोरीने मला विचारलं, पेशंट आपणच ना?
गाडीत तिच्या तोंडात बोळा होता. मी खड्डे चुकवत गाडी हळू चालवली. पहिल्यांदाच असं झालं.
घरी आल्यावर बोळा काढून म्हणाली, काढताना दुखलं न्हाई. आदीच लई दुखत हुतं. मला फार लाज वाटली. डॉक्टरांनी गार खायला सांगितलंय म्हणून धावत जाऊन आइस्क्रीम आणलं. पहिला चमचा तिने उजवीकडून घेतला आणि तिथेच थांबली. विचारलं, काय झालं? म्हणाली, हिकडंबी कळ येती. म्हैना झाला. तुमाला सांगावं का न्हाई, त्योच इचार करत हुते.
म्हटलं, सांग.
समदं ऐकणार का, म्हणाली.
म्हटलं, ऐकतो.
मग ती सांगत बसली. दातांचं, झोपेचं, अंगातल्या वाफांचं, कशालाच चव लागत नाही त्याचं. आइस्क्रीमचं पाणी झालं तरी तिचं सांगणं सुरूच होतं. मध्ये मी दोनदाच बोललो.