शंतनूचं पान

७ मार्च १९९९, रविवार
शंतनूला जाऊन अठरा दिवस झाले. पाळकसाहेब अजून घरी आलेले नाहीत! आज उपासनेनंतर चर्चच्या दारातच म्हणाले, "आपल्या मंडळीतल्या रणजीतनं शंतनूचं पान इंटरनेटवर टाकलंय. बघितलंत का?" पान! माणूस गेला की पाळक घरी येऊन बसतात, प्रार्थना करतात. नवरा गेलाय माझा — पान कसलं बघू?

९ मार्च
राजाजीनगरच्या सायबर कॅफेत जाऊन बघितलंच. वर फोटो, आमच्या लग्नातला. मला कापलंय! त्याच्या खांद्यावर माझी चार बोटं तेवढी राहिलीत. खाली लिहिलंय, 'शांतपणे प्रभूमध्ये निजले.' शांतपणे? पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात क्रेनची साखळी तुटून गेला तो. ओळख पटवायला मी गेले होते, हे लोक नव्हते.

तळाशी स्पीकरचं चित्र होतं. क्लिक केलं, काहीच नाही. "स्पीकर इल्ला अक्का," कॅफेवाला कानडीत म्हणाला. स्पीकरच नाही म्हणे. असेल एखादं गीत. मेलं नकोच ते.

१० मार्च
रणजीतला फोनवर फैलावर घेतलं. म्हणे, "वहिनी, मंडळीतले कितीतरी परदेशात आहेत. त्यांनी कुठे जाऊन रडायचं?" म्हटलं, तुम्ही सगळे इथे आहात ना? तुम्ही किती वेळा आलात रडायला? आत्ताच्या आत्ता काढ. सगळं पुसून टाक! "सगळं? अहो, पण त्यात —" पुढं बोलूच दिलं नाही मी त्याला.

११ मार्च
काढलं. आज किती दिवसांनी पोटभर जेवले.

१४ मार्च, रविवार
उपासनेला गेलेच नाही. बसू देत वाट बघत!

संध्याकाळी शिकागोहून नणंदेचा फोन. संयोगिताला मातीला येता आलं नव्हतं. रडत होती. "वहिनी, त्या पानावर दादाचा आवाज होता ना — नाताळात त्यानं वाचलेला शास्त्रपाठ. रोज ऐकायचे मी. कुणी काढलं गं?"

माहीत नाही म्हटलं.

१५ मार्च
सकाळीच रणजीतच्या दारात. नाताळची कॅसेट आहे. पानासाठी म्हणून जपून ठेवली होती त्यानं. "सगळं पुसून टाक म्हणालात, म्हणून रविवारच्या रेकॉर्डिंगला मोकळी केली," म्हणाला.

तिच्यावर कालचं प्रवचन आहे.