कुर्कीला सांगितलेली वाट

सायमा तळ्याचं उत्तर टोक, फेब्रुवारी

आई,
तुला आणि बाबांना नमस्कार. मी ठणठणीत आहे. चाळीस लाकूडतोड्यांची वाटाण्याची आमटी एकटी रांधते. बाबांचा खोकला कमी झाला का?

काल दुपारी आपल्या गावचा तो सावकार कुर्की छावणीवर गवत घेऊन आला. त्याच्या घसरगाडीला आपली विर्मा! बाबा तापात असताना कागदावर त्यांची सही घेऊन त्याने नेलेली तीच घोडी. मला बघून म्हणाला, "काय गं, आता भांडी घासतेस वाटतं?"

गवत उतरवून त्याने परतीची वाट विचारली. गोठलेल्या तळ्यावरून जाणारी वाट दाखवणाऱ्या खुणेच्या फांद्या वाऱ्याने उडवल्या होत्या. मी म्हटलं, "दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या भागातून जाऊ नका. तिथे खालून पाणी वाहतं, बर्फ पातळ आहे. टेकाडाला वळसा घाला."

"मला लांबून पिटाळतेस होय? बापाची लेक शोभतेस!" असं म्हणून तो चिंचोळ्याकडेच वळला.

मी कुऱ्हाड आणि एक लांब काठी घेऊन मागे धावले. बर्फ फुटलाच. विर्मा काठाशी धडपडत होती. घसरगाडीचे पट्टे कुऱ्हाडीने तोडून आधी तिला वर काढलं. मग छातीभर पाण्यातल्या कुर्कीला विचारलं, "घोडी कुणाची?"

"तुमची! तुमचीच गं!" तो किंचाळला. मागोमाग धावत आलेल्या सगळ्या छावणीने ऐकलं. मगच मी काठी पुढे केली.

विर्मा माझ्या खोपटाशेजारी सुखात आहे, काळजी करू नकोस.

बाबांना सांग, मी कुर्कीशी एक अक्षरही खोटं बोलले नाही. वाट सांगताना फक्त गालात हसले.

तुझी
सेल्मा